बाई हजर, बाई गैरहजर

आधीच सांगून ठेवतो — भूत, भानामती, ऊर्जा, स्पंदनं, यातल्या कशाशीही माझं देणंघेणं नाही. कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत मी क्वालिटी कंट्रोलला आहे. पंचवीस वर्षं एकच काम: सॅम्पल तपासायचं आणि रिपोर्टवर 'पास' किंवा 'फेल' लिहायचं. तिसरा रकानाच नाही. आणि नेमका माझ्याच वाट्याला हा तिसऱ्या रकान्यातला अनुभव यावा? चिडचिड होते हो मंडळी! सांगताना मजा येते, ते वेगळं.

तर कोरोनात सगळ्यांचा वास गेला, तसा माझाही गेला. सगळ्यांचा परत आला. माझा नाही. पुण्यातल्या डॉक्टरांनी नाकात दुर्बीण घालून पाहिली आणि म्हणाले, "वाट बघा." चार वर्षं बघितली. दूध करपलं तरी भांडं काळं झाल्यावर कळायचं. घरात मी एकटा. बायको जाऊन नऊ वर्षं झाली. तिच्या कपाटातल्या साड्यांत तोंड खुपसलं तरी नुसतं कापड...

एका जानेवारीत प्लांटचं शटडाऊन होतं, लॅबला आठ दिवस सुट्टी. शिरूर तालुक्यात मांडवगण फराट्याला माझी थोरली बहीण दिली आहे — आक्का. दाजींनी मळ्यात हुरड्याचं पर्यटन चालू केलंय: चार खोल्या, दोन झोके, एक बैलगाडी. तिथे गेलो.

सकाळचे अकरा. आगटीत गोवऱ्यांचा जाळ बसलेला, निखाऱ्यात कणसं खुपसलेली, भोवती आम्ही पाच-सहा जण. शेजारी एक बाई येऊन बसल्या. कुमुदबाई, सोलापूरच्या निवृत्त चित्रकला शिक्षिका, वय एकसष्ट. इनामगावला जुन्या वस्तीची जागा आहे, तिथली खापरं चितारायची म्हणून त्यांनी दाजींकडे खोली घेतली होती. त्या बसल्या, आणि मला धूर आला. नाकात! गोवरीचा धूर, त्यामागून भाजल्या ज्वारीचा गोडसर वास, लसणाची चटणी... मी हातातला हुरडा टाकून उभाच राहिलो.

"काय रं, चटका बसला का?" आक्का.

"वास येतोय!"

"हुरड्याला येतोच. तू काय आज बघतूयास व्हय?"

कुमुदबाई हात धुवायला उठल्या. वास गेला. बटण दाबून दिवा घालवावा तसा. परत आल्या. वास आला.

पुढे मी बाईंच्या मागेमागे होतो, हे सांगायला नको. पहिला दिवस नाकासाठी, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या दिवसापासून मात्र... त्या घोड नदीच्या काठी बसून चित्रं काढायच्या, मी पेन्सिलींना टोक करून द्यायचो. पेन्सिलीच्या सालीचा वास! बाईंच्या साडीला डांबरगोळ्यांचा. "पेटीतली आहे हो," त्या म्हणाल्या, "सुट्टीला म्हणून काढली." मी एकोणपन्नासचा.

"मी नोकरीला लागले तेव्हा तुम्ही चौथीत होता," एकदा बोटं मोजून म्हणाल्या. "माझ्या वर्गात असता, तर कान धरून उभं केलं असतं."

"मग आता धरा की."

त्यांनी धरला. हळूच. पुढचं मी सांगणार नाही, मंडळी.

आक्काच्या लक्षात आलंच. "आरं, माझ्याहूनबी थोरल्या हायेत त्या!"

"असू द्या की," दाजी म्हणाले. "पाव्हणं किती दिसांनी हसत्यात, ते बघा."

पण लॅबवाल्याची खोड जाते कुठे? चौथ्या दिवशी मी पाच बरण्या भरल्या — कांदा, धने, डिझेल, शेण आणि ब्लँक म्हणून, म्हणजे तुलनेला, साधं पाणी. डोळ्यांना टॉवेल बांधला. दाजी एकेक बरणी नाकाखाली धरणार. बाईंना म्हटलं, जरा चिंचेपर्यंत जाऊन या ना... आता परत या. बिचाऱ्या खेळ समजून चार वेळा जाऊन आल्या. चाळीस पावलांपलीकडे गेल्या, की मला डिझेलही कळेना. त्यांच्या जागी आक्काला बसवून बघितलं, काही नाही. वहीत तक्ता मांडला: 'बाई हजर — पास. बाई गैरहजर — फेल.' आणि ती वही झोक्यावर ठेवून चहा आणायला गेलो.

आलो, तर वही बाईंच्या हातात.

"इतकी वर्षं शाळेत काढली," त्या म्हणाल्या. "पोरांनी नावं पुष्कळ ठेवली. पण बरणी कुणी केली नव्हती माझी."

"अहो बाई, तसं नाही..."

"एकच विचारते. उद्या तुमचं नाक आपोआप बरं झालं, तर मी लागेन का?"

लॅबवाल्याला प्रश्न विचारला की तो आधी विचार करतो. सवय आहे! मी विचार केला. फार नाही, तीन सेकंद. उत्तर 'हो'च होतं. पण तीन सेकंदांनी.

बाई वही मिटून खोलीत गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांची दौंडहून गाडी होती. सोडायला मीच निघालो. वाटेत गुऱ्हाळं लागली. बाईंनी गाडीची काच खाली केली. "घ्या वास. शेवटचा."

दौंड येईपर्यंत काच वर केली नाही.

दौंडचा प्लॅटफॉर्म. गाडी लागली, बाई खिडकीत बसल्या. मी खिशातून आक्काच्या दोरीवरचा कपड्यांचा चिमटा काढला — हिरवा, प्लॅस्टिकचा — आणि शंभर माणसांसमोर नाकाला लावला.

"बाई," मी नाकात बोललो, "आता विचारतो. राहता का?"

बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. समोरचे आजोबाही हसले. मग चष्मा पुसत त्या म्हणाल्या, "काल सुचलं असतं तर... पण नको. मला आता कुणाच्या उपयोगी पडायचा कंटाळा आलाय." गाडीने भोंगा दिला. "तो चिमटा मात्र गाडी दिसेनाशी होईपर्यंत काढू नका. मग मला खरं वाटेल."

नाही काढला. शेवटचा डबा वळणाआड गेल्यावर काढला. प्लॅटफॉर्मवर वडे तळत होते. नुसते दिसत होते.

इथे संपलं असतं, तर मी मनाची समजूत घातली असती. पण मेमध्ये एका दुपारी लॅबमधून जेवायला निघालो होतो. गेटलगतच्या चेंजरूममध्ये लॅबची निळी चप्पल काढून बूट घालत होतो. एका पायात बूट झाला, दुसऱ्यात अजून चप्पलच, आणि — डांबरगोळ्या! तसाच पळालो. हायवेवर वाहनांची रांग खोळंबलेली, त्यात एक सोलापूरची बस, अगदी गेटसमोर. मी पोचेपर्यंत रांग सुटली, बस गेली, वास गेला.

"साहब, यहाँ तो रोज कुछ ना कुछ बास मारता है," वॉचमन म्हणाला. कुरकुंभमध्ये हा पुरावा कोण धरणार? म्हणून दुसऱ्या दिवशी बाईंना मेसेज केला: 'काल दुपारी तुम्ही कुरकुंभवरून गेलात का? हो की नाही?' एवढंच. चपलेचं, गेटचं अक्षर लिहिलं नाही.

चार दिवसांनी उत्तर आलं. पेन्सिलीने काढलेलं एक चित्र. कंपनीचं गेट, पांढऱ्या कोटातला माणूस, एका पायात बूट, एका पायात चप्पल. नाकाला चिमटा — तो तेव्हा नव्हता, तो बाईंनी मनाने लावलाय. खाली एक शब्द नाही.

डॉक्टरांना चित्र दाखवलं. "छान आहे," म्हणाले.

नाकाचं कोडं मी सोडून दिलंय, मंडळी. ते कुणाला सुटणार नाही. पण बाईंनी मला पाहिलं, नीट पाहिलं, चप्पलसुद्धा पाहिली — आणि बस थांबवायला कंडक्टरला एक हाक नाही मारली? याचं स्पष्टीकरण असेल, तर ते मात्र जरूर कळवा.