समुद्रावरच्या हत्तींचं वेळापत्रक

हत्ती समुद्राच्या वाळूवरून फिरतात हे मला साठीला टेकेपर्यंत माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यावाचून माझं काही अडलंही नव्हतं. मी धुळ्याला एसटीत चौतीस वर्षं काढली. त्यातली शेवटची बरीच वर्षं कुठली गाडी कुठून किती वाजता सुटणार हे ठरवण्यात गेली. जनावरांशी माझा संबंध रस्त्यात आडव्या येणाऱ्या म्हशींपुरता. जनावरं हा बायकोचा प्रांत. ती अमळनेरला एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची, रोज धुळ्याहून जाऊन-येऊन.

दरवर्षी बुद्धपौर्णिमेला जंगलात पाणवठ्यावरची मोजणी असते. उन्हाळा कडक, नाले आटलेले; कुठं एखादं डबकं उरलेलं असतं, तिथं जनावरं पाण्याला येतात. शेजारच्या झाडावर मचाण बांधून माणसं बसतात आणि आलेलं जनावर कागदावर टिपतात. बायको यावलच्या जंगलात या मोजणीला पंचवीस-तीस वर्षं जात होती. मी तिला नेऊन सोडायचो, वनखात्याच्या चौकीत झोपायचो आणि सकाळी परत आणायचो. काय दिसलं विचारलं की म्हणायची, "दोन रानडुकरं, एक सायाळ." एवढ्यासाठी रात्रभर फांदीवर बसायचं? पण मी बोलायचो नाही. तीही माझ्या वेळापत्रकांना कधी नावं ठेवत नसे.

ती रिटायर झाली त्या महिन्यात तिनं मला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. लांबच लांब वाळू, मागं काळंभोर जंगल, आणि लाटांच्या कडेकडेनं चाललेला हत्तींचा कळप. थोड्या वेळानं पाणघोडा आला आणि सरळ समुद्रात शिरला. मी म्हटलं, छान आहे. ती म्हणाली, "गॅबॉन म्हणून देश आहे, आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर. तिथलं हे राष्ट्रीय उद्यान. मला हे बघायचंय."

आमच्या संसारात 'मला हे पाहिजे' असं तिनं म्हटलेलं मला आठवत नाही. साडी घ्यायला गेलो तरी दुकानदार दाखवील त्यातली दुसरी उचलणारी बाई. त्यामुळे मी त्या रात्री नुसताच पंख्याकडे बघत पडलो आणि सकाळी उठून मोठा कागद घेतला.

कागदावर कसा रस्ता मांडायचा हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. धुळे ते मुंबई, मुंबई ते अदिस अबाबा, तिथून लिब्रेव्हिल, मग छोटं विमान, मग जीप, मग होडी. प्रत्येक ठिकाणी पोचायची वेळ, निघायची वेळ आणि मध्ये मोकळी ठेवलेली वेळ. या मोकळ्या वेळेवरून माझी डेपोत चेष्टा व्हायची, पण माझ्या गाड्या वेळेवर यायच्या. होडीच्या रकान्यात काय लिहायचं ते मात्र कळेना. उद्यानातल्या कॅम्पवरच्या बाईंना मेल केली, तर उत्तर आलं की होडी भरती-ओहोटी बघून सुटते. म्हणजे वेळापत्रक चंद्राच्या हातात. मी त्या रकान्यात पेन्सिलीनं लिहिलं.

शिरपूरकडच्या गावी माझे थोरले भाऊ राहतात, त्यांना आम्ही आबा म्हणतो. त्यांना सांगायला गेलो. आबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि अहिराणीत म्हणाले, "हत्ती देखाले समिंदरपार कसाले जातस? तठे बठ्ठा जंगलच शे ना?" बायको म्हणाली, "तिथं सगळं जंगलच आहे म्हणून तर जायचंय, आबा." वहिनींनी शेवेचा डबा आत्तापासूनच बांधून द्यायला काढला. निघायची तारीखही अजून ठरली नव्हती.

पहिली चूक आम्ही दोघांनी मिळून केली. मी तारखा विचारल्या तेव्हा ती म्हणाली, "कोरड्या दिवसांत जाऊ. पाणी आटलं की जनावरं बाहेर येतात." यात शंका घ्यायला जागा नव्हती. खानदेशात जन्मलेलं पोर पण हे सांगेल. तिकडचे कोरडे महिने जून ते सप्टेंबर. मी पुढच्या वर्षीचा जून धरला आणि कॅम्पवरच्या बाईंना कळवलं. त्यांचं उत्तर मोठ्या सौजन्यानं लिहिलेलं होतं. त्या दिवसांत देवमासे येतात म्हणे, पण हत्ती जंगलात आत असतात. वाळूवर हत्ती बघायचे तर पाऊस पडत असतानाच या. बायकोनं ती मेल दोनदा वाचली. "तीस वर्षं मी एका डबक्याशेजारी बसले," ती म्हणाली, "आणि सगळ्या जगाची जनावरं त्या डबक्यावर येतात असं धरून चालले." आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. आम्ही तिकडच्या पावसातला फेब्रुवारी ठरवला.

त्या देशात पाय ठेवायला पीतज्वराची, म्हणजे डासांतून होणाऱ्या एका तापाची, लस लागते. लस घेतली की शिक्का मारलेलं पिवळं पुस्तक मिळतं, ते नसेल तर विमानतळावरूनच परत. लस मुंबईला एका सरकारी केंद्रात मिळणार होती. मला साठ पूर्ण व्हायला दोन महिने होते, आणि साठीनंतर डॉक्टर फार चौकशी करतात असं कुणीतरी सांगितलं होतं. म्हणून मी ठरवलं की आधी मी एकटा जाऊन येतो. माझं काम होईल आणि रस्ताही बघून होईल. तिचे सांधे धरतात, तिला उगीच हेलपाटा नको. बायको म्हणाली, "दोघं बरोबर जाऊ की." मी म्हटलं, "नवीन मार्गाची आधी चाचणी घ्यायची असते."

गेलो आणि आलो. दंड जरासा दुखला, बाकी काही नाही. येताना वहीत सगळं टिपून आणलं: कुठल्या दारानं शिरायचं, रांग कुठून लागते, बसायला बाकडी आहेत का, बायकांचा संडास कुठे, चहा कुठला बरा. फॉर्मवर एक प्रश्न होता, कोणती औषधं चालू आहेत. मला काहीच चालू नाही, म्हणून 'नाही' वर खूण केली आणि पुढं सरकलो.

महिन्याभरानं तिला घेऊन गेलो. सगळं वहीत लिहिल्याप्रमाणे झालं. दार बरोबर, रांग बरोबर, बाकडं रिकामं. आत तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी विचारलं, "मॅडम, औषधं कोणती घेता?" बायकोनं संधिवाताच्या गोळीचं नाव सांगितलं, दर रविवारी एक, सहा वर्षं झाली. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "ही लस जिवंत विषाणूची असते."

मला काही कळलं नाही. बायकोला लगेच कळलं. "हो, बरोबर आहे," ती म्हणाली, जसं काही एखाद्या मुलीनं वर्गात बरोबर उत्तर दिलंय. ती गोळी शरीराची रोगाशी लढायची ताकद दाबून धरते. अशा शरीरात जिवंत लस घालता येत नाही. पत्र देता येईल, पण तो देश ते मानेलच असं नाही, आणि तिथं खरोखर डास चावला तर पत्राचा काय उपयोग? आम्ही उठलो. ज्या टपरीवरचा चहा बरा म्हणून मी लिहून आणलं होतं, तिथं चहा घेतला. चहा बरा होता.

सातपुड्यातल्या एखाद्या पाड्यावर नवी गाडी सुरू करायची असली की आम्ही चाचणीला गाडी रिकामी नेत नव्हतो. डेपोतली पंधरा-वीस माणसं आत बसवायचो आणि मग घाटाला लावायचो, कारण रिकामी गाडी कुठंही चढते. हे मीच नव्या ड्रायव्हरांना घसा ताणून सांगायचो. आणि बायकोच्या वेळी मी स्वतः रिकामी गाडी घेऊन गेलो आणि रस्ता चांगला आहे म्हणून सांगत आलो. मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती.

जळगावला तिचे संधिवाताचे डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे गेलो. ते म्हणाले, गोळी तीन महिने बंद ठेवली तर लस देता येईल कदाचित, पण मी तसं सुचवणार नाही. दुखणं उसळेल आणि पुन्हा आवरेलच याची खात्री नाही. बायकोनं मान डोलावली. घरी येताना गाडीत ती खिडकीबाहेर केळीच्या बागा बघत होती. मला वाटलं, विषय संपला.

दिवाळीच्या आधी भाकऱ्या थापायला तिनं बाई लावली. पीठ नीट मळलं जात नाही म्हणाली. मग नळ उघडायला मला हाक मारू लागली. एका रविवारी मी चष्मा शोधायला तिचा कप्पा उघडला, तर गोळ्यांची पट्टी दिसली. आकडे बघायची सवय वाईट. पट्टीवर मेडिकलवाल्यानं सप्टेंबरची तारीख घातली होती आणि दहाच्या दहा गोळ्या जागेवर होत्या.

पट्टी घेऊन मी स्वयंपाकघरात गेलो. "हे काय आहे?"

"गोळ्या," ती म्हणाली.

"तुला वेड लागलंय का?"

"तीन महिन्यांतले दोन झाले. एक राहिला." तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. "दुखू दे. तेहतीस वर्षं फळ्यावर हत्ती काढला मी, आणि खरा बघितला तो देवळासमोर पैसे मागणारा. माझा हात आहे, माझं दुखणं आहे. तुम्ही मध्ये पडू नका."

मी मध्ये पडलो नाही. चौतीस वर्षं लोकांना सांगत आलो की नियम म्हणजे नियम, पण तिला काय सांगणार? मी रागावलो होतो आणि घाबरलोही होतो. दोन्ही दाखवता येईना म्हणून बाजारातून विनाकारण भाजी आणली.

पुढच्या आठवड्यात सकाळी आम्ही गच्चीवर होतो. समोरच्या तारेवर पाखरू बसलं. तिनं दुर्बीण डोळ्यांना लावली आणि चित्र स्पष्ट करायचं मधलं चाक फिरवायला लागली. ते फिरेना. बोटं सुजून जाड झाली होती. तिनं दुसऱ्या हातानं फिरवून बघितलं, मग दुर्बीण मांडीवर ठेवून अंगठ्यानं जोर लावला. मी पुढं झालो तर म्हणाली, "थांबा." पुन्हा डोळ्यांना लावली. पाखरू उडून गेलं तरी ती तशीच बघत राहिली.

मग खाली गेली आणि पाणी घेऊन गोळी गिळली. मला म्हणाली, "वाळूवर जाऊन मी काय बघणार होते, सांगा बरं. सगळं धुरकट."

माझ्या जिवावरचं ओझं उतरलं, हे मी लपवत नाही. मी म्हटलं, "आजच मेल करतो. दोघांचंही रद्द."

"दोघांचं का? तुमच्याकडे पुस्तक आहे. तुम्ही जा."

"मी? मला त्यातलं काय कळतंय? आणि तुला सोडून एकटा कसा जाऊ?"

"मी गेले असते," ती म्हणाली.

तिनं हे रागानं म्हटलं नाही. बस किती वाजता आहे ते सांगावं तसं म्हटलं. मला लागलं, खोटं कशाला बोलू. इतका कागद भरला, इतके रकाने आखले, ते दोघांचे होते असं मी धरून चाललो होतो. पण तिचं म्हणणं खरं होतं. दर बुद्धपौर्णिमेला ती मला चौकीत सोडून मचाणावर चढली होती, आणि तुम्हीही वर या असं तिनं कधी म्हटलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं.

"जाऊन काय करू?" मी विचारलं.

"बघा. आणि काय बघितलं ते नीट सांगा. छान आहे म्हणून परत येऊ नका."

दुपारी टेबलावर लॅपटॉप उघडला. कॅम्पच्या बाईंना पाठवायच्या फॉर्मवर वर माझं नाव होतं, खाली तिचं. बदल माझा मीच करायचा होता. मी तिच्या नावाच्या शेवटाला बाण नेला, आणि पुढं मला ते बटण दाबवेना. चहा घ्यायचा का, विचारलं. ती नाही म्हणाली. तिनं खुर्ची जवळ ओढली, माझा हात बाजूला सारला आणि स्वतःचं नाव एकेक अक्षर करून खोडलं. बोटं दुखत होती, म्हणून तिला जरा वेळ लागला.