हौस नडली म्हणे!

दादा गेला त्या सकाळी पुण्याला फोन करायचं काम माझ्याकडे आलं. वहिनी हॉस्पिसच्या कॉरिडॉरमध्ये नुसती उभी होती, तिला बोलवतच नव्हतं. मी थोरल्या आत्यांना सांगितलं. पलीकडून हुंदका, आणि हुंदक्याच्या पाठोपाठ, ‘‘तरी मी म्हणत होते! त्या अवस्थेत रोमला न्यायची काय गरज होती? बायकोची हौस नडली.’’ माझा भाऊ अजून आतल्या खोलीत होता हो! त्याला आता महिना होऊन गेला, पण ते वाक्य चुलत-मावस सगळ्यांच्या तोंडी फिरतंय. दादाबद्दल हळवं काही लिहायचं मनात होतं, पण लिहायला बसलं की आधी संतापच बाहेर येतो, त्याला माझा इलाज नाही.

दादा इकडे इंग्लंडमध्ये, ब्रॅकनेलला आयटीत मुरलेला. रोम इथून विमानाने जेमतेम अडीच तास. पण रजा मिळाली की गडी पुण्याला! कुणाची मुंज, कुणाचं लग्न, कुणाच्या फ्लॅटची वास्तुशांत. याच आत्यांच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी त्याने स्वतः काढलेली रोमची तिकिटं रद्द केली होती. ‘‘रोम कुठे पळून जातंय?’’ म्हणाला होता. मग पोटाचा कॅन्सर निघाला, आणि या वसंतात डॉक्टर म्हणाले, केमो थांबवू या, आता जे करावंसं वाटतं ते करून घ्या. कारपार्कमध्ये येऊन गाडीत बसल्यावर दादा एकच शब्द बोलला, ‘‘रोम.’’ वहिनी नको नको म्हणाली, रडली, मला केंब्रिजला फोन करून म्हणाली, ‘‘तू तरी समजाव गं त्याला.’’ मी समजवायला गेले आणि बॅग भरून बरोबरच निघाले. दादापुढे कधी कुणाचं चाललंय?

रोममध्ये आठवडाभर भाड्याची व्हीलचेअर होती. तिच्यात वहिनीची पर्स आणि माझं जॅकेट बसलेलं, आणि पेशंट मागून ढकलतोय! दमला की तेवढ्यापुरता बसायचा. रांगा लावून आत जायचा त्याला कंटाळा. रस्त्यातल्या नळांचं मात्र भारी कौतुक. ‘‘चोवीस तास पाणी, तेही फुकट आणि गार! पुण्याच्या महापौरांना दाखवा कुणीतरी.’’ वहिनी ओरडायची, ‘‘अरे, इन्फेक्शन होईल,’’ तोवर हा ओंजळ लावून मोकळा. पँथिऑनमध्ये मान वर करून घुमटाच्या मधलं ते मोठं भोक बराच वेळ बघत राहिला. ‘‘एवढं बांधलं आणि छपराला भोक! आमच्या कौन्सिलने परमिशन दिली असती का?’’ आणि एवढ्या मोठ्याने हसला, की गार्डने बोट ओठांवर ठेवलं. तो गेले कित्येक महिने असा हसला नव्हता.

आणि पुण्याच्या नातेवाइकांना फॅमिली ग्रुपवर दिसला तो एकच फोटो. वहिनी लाल ड्रेसमध्ये, हातात आइसक्रीम, हसतेय. ‘‘नवरा मरणाच्या दारात, आणि ही बघा!’’ अहो, पण फोटो काढणारा कोण होता? डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलंय, रोमला गेला नसता तरी एवढेच दिवस होते. ते कुणाला ऐकायचंच नाही. पुरुषाने केलं की आवड, छंद. बाई नुसती सोबत गेली तरी हौस, आणि ती लगेच नडते. बरं, असती वहिनीलाही हौस, तर काय गुन्हा होता? शिवाय या सगळ्यात दादाला कुक्कुलं बाळ करून टाकलंय. बायकोने उचललं आणि नेलं! आयुष्यात एकदाच जे स्वतःसाठी केलं, तेही त्याच्या नावावर राहू देत नाहीत.

गेल्या रविवारी ब्रॅकनेलला गेले. वहिनी सोफ्यावर बसून फोनमधले रोमचे फोटो एकेक करून डिलीट करत होती. ‘‘नकोच ते. खरंच गेलो नसतो तर...’’ म्हणाली. मी फोन अक्षरशः हिसकावून घेतला. एक व्हिडिओ उरला होता, आइसक्रीमवाल्या दुकानाच्या दारातलाच. त्यात दादा दिसत नाही, फक्त ऐकू येतो. वहिनी म्हणतेय, ‘‘पुरे रे आता, बस तू, दमशील.’’ आणि कॅमेऱ्यामागून दादाचा तो ब्रॅकनेलभर ऐकू जाणारा आवाज, ‘‘अगं, माझं काय घेऊन बसलीस! तू खा, वितळतंय!’’ वहिनी ऐकत राहिली, मग म्हणाली, ‘‘परत लाव.’’

तो व्हिडिओ मी फॅमिली ग्रुपवर टाकला. आत्यांनी जोडलेले हात पाठवले. नुसते हात! आत्या, तुमच्याकडे रविवारी हीच पुरवणी येते, मला माहीत आहे. ते हात राहू द्या. वाचून झालं की वहिनीला फोन करा.