पंधरावा चौकोन

शाळा केनवडजवळच्या खेड्यात, आठवीचा वर्ग माझा आणि जीभ माझी तिखट. एवढं आधीच कबूल करते.

मूलद्रव्यं घोकून घ्यायचा मला भारी कंटाळा. म्हणून वर्गाच्या फरशीवर खडूनं आवर्तसारणीचे चौकोन आखले. हजेरीतला नंबर तोच ज्याचा त्याचा अणुअंक, असं ठरवलं. सहा नंबरनं कोळसा ठेवला, सव्वीस नंबरनं लोखंडी खिळा. एक नंबर तर पाण्याची बाटली घेऊन हायड्रोजनच्या चौकोनात ऐटीत बसली! मला ते फार आवडलं. घरातल्या डब्या-पाकिटांवरची नावं वाचा, मी म्हटलं, आणि वस्तू धुऊन आणा, घाण चालणार नाही.

पंधरावा चौकोन फॉस्फरसचा. तीन दिवस तो रिकामाच. पंधरा नंबरची पोरगी अबोल, मान खाली घालून उभी राहायची. तिसऱ्या दिवशी मी सगळ्यांदेखत म्हणाले, "अगं, घरात एवढं शोधता येत नाही? उद्या हात हलवत आलीस तर वर्गात घेणार नाही." पोरं हसली. मीही हसले.

चौथ्या दिवशी ती दारातूनच म्हणाली, "मॅडम, आनला!" कंपासपेटी उघडली. वहीच्या कागदात एक करडी गोळी होती. सडक्या लसणासारखा वास नाकात शिरला.

"कुठून आणलीस ही?"

"गव्हात टाकाच्या डब्बीतून. त्याच्यावर लिवलं हाय ना, ॲल्युमिनिअम फॉस्फाइड."

धान्यातली कीड मारायची गोळी ती! ओल लागली की तिच्यातून विषारी वायू सुटतो, बंद खोलीत माणसं मरतात. "बाहेर व्हा सगळे! मैदानात पळा!" मी ओरडले आणि पेटी हिसकावून कोरड्या अंगणात भिरकावली.

"आणखी आहे का?"

"एक होती. तेरा नंबरले देली. तिचा ॲल्युमिनिअम हाय ना."

"कुठं आहे ती?"

"धुवाले गेली. तुमीच तं सांगतलं, धुतल्याबिगर आनाचं नाही."

मी पळत सुटले. पदराचं भान नव्हतं, चप्पल कुठं गेली कळलं नाही. देवा नको, देवा नको, एवढंच तोंडात. तेरा नंबर नळापाशी उभी होती, एक मूठ आवळलेली. नळ कोरडाठाक. आठ-आठ दिवस न येणाऱ्या त्या नळाला मी रोज शिव्या घालायची. पण पोरीच्या दुसऱ्या हातात पेला होता आणि ती पिण्याच्या पाण्याच्या रांजणाकडे वळत होती.

"नळाले पानी नाही मॅडम, याच्यातलं घेऊन राह्यली."

"टाक ते! खाली टाक!" मी अशी किंचाळले की पेला आणि गोळी दोन्ही तिच्या हातून सुटली. पेला अजून रिकामा होता.

दोघींना जीपमध्ये घालून रिसोडला दवाखान्यात नेलं. रस्ताभर मी त्यांचे श्वास बघत होते. एक जरा खोकली तरी मी ड्रायव्हरला घाई करायची. डॉक्टरांनी संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं आणि मग म्हणाले, काही झालेलं नाही, घरी न्या.

बाकावर पंधरा नंबर माझ्या शेजारी बसली होती. हळूच म्हणाली, "मॅडम, फॉस्फरस बराबर होता ना? मले वाटलं, आज तं तुमी मले बोलनार नाही."

"बरोबर होता गं," मी म्हणाले. सकाळी ती माझ्या भीतीनं घरातून विष उचलून निघाली होती.