सायकल दुकानाच्या पाटीवरची बाई

मैत्रिणींनो, आज नागभीडला माझं पहिलं स्वतंत्र काम होतं. सायकल दुकानाची जुनी पाटी पुन्हा रंगवायची होती. ऐंशीच्या दशकात बाबांनी विदेशी कॅलेंडर पाहून त्यावर आखूड फ्रॉकमधली, सायकलवर बसलेली बाई काढली होती. रंगकाम मला बाबांनीच शिकवलं, तरी आज हात थांबला. हे आता शोभेल का?

दुकानाच्या मालकीणबाईंना विचारलं, "हिला साडी नेसवू का?"

"काऊन? फ्रॉक राहू दे. पाय पाह्य तिचे! तुह्या बापानं कॅलेंडरातली खुर्चीवरची बाई उचलून सायकलवर ठेवली. पाय पायडलवर नाई, मंग चालवन कशी?"

मी पाय पायडलवर टेकवले. बाबांच्या चित्रात पहिल्यांदाच बदल केला, म्हणून लगेच त्यांना फोटो पाठवला. फोटो पाहून ते म्हणाले, "निघाली बाई एकदाची!"

तुम्ही फ्रॉक ठेवला असता का?