डाव्या हाताचं काम

मिरजेहून निघताना बॅगा तीनदा वजनकाट्यावर चढल्या आणि तिन्ही वेळा बाबांची पेटी बाहेर राहिली. बाबा कीर्तनात साथ करायचे; मी त्यांच्याकडेच शिकले. "राहू दे गं," ते म्हणाले, "तिकडे पियानो असतो. भाता मारावा लागत नाही." आणि मग नेहमीचं, "गाणारा चुकला तरी भाता थांबता कामा नये." निरोप देताना इतरांचे वडील डोळे पुसतात.

पियानो भेटला ब्रॉसार्डला, आमच्या कॉन्डोजवळच्या चर्चच्या बेसमेंटमध्ये. तिथे मादाम लुईझ नावाच्या आजीबाई रॅगटाइम हा पियानोचा जुना ढंग शिकवायच्या. त्यात डावा हात उड्या मारत ठेका धरतो आणि उजवा त्याला हुलकावण्या देत पळतो. माझा उजवा सफाईने पळाला. डावा मात्र पियानोच्या कडेला हवा ढकलत होता. वीस वर्षं पेटीचा भाता मारताना त्याने एकही सूर वाजवला नव्हता, बिचारा.

"हा हात," मादाम म्हणाल्या, "व्हिजिटर व्हिसावर आलाय का?"

दोन विंटर गेले. सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी, दारातला बर्फ शोव्हल करणं, आणि उरल्या वेळात डाव्या हाताची समजूत घालणं: बाबा रे, हाही भाताच आहे. तो ऐकू लागला तेव्हा मी त्या ढंगातला पहिला रॅग रचला, 'भाता रॅग'. आता सात झालेत. किचनर शहरातले दोघं-तिघं पियानिस्ट ते वाजवतात; यालाच कारकीर्द म्हणायचं. पण लोकांसमोर मी स्वतः कधी वाजवलं नव्हतं. ऐनवेळी डावा हात थांबला तर?

गेल्या महिन्यात इथल्या मराठी मंडळाने कार्यक्रमासाठी गाठलंच. अध्यक्षांनी मला 'आंतरराष्ट्रीय' म्हटलं. श्रोत्यांत दोघं शेजारच्या प्रांतातल्या टोरांटोचे होते. शाल-श्रीफळ आधीच दिलं, म्हणजे ऐकल्यावर विचार बदलायला नको. लेकीने बाबांना व्हिडिओवर घेतलं, मी दोन सूर वाजवून पाहिले.

"आई, आजोबा फ्रोझन आहेत." मग म्हणाली, "नो, ही इज जस्ट लिसनिंग."

'भाता रॅग'च्या तिसऱ्या भागात उजवा हात सपशेल घसरला. डावा चालत राहिला. चार मात्रांनी उजवा धापा टाकत त्याला येऊन मिळाला.

टाळ्या संपल्यावर फोनमधून आवाज आला, "उजवीकडे चुकलीस." आणि मग, "भाता नाही थांबला हो."

इथल्या फॉर्मवर होम अॅड्रेस विचारतात. उजवा हात ब्रॉसार्ड लिहितो. डावा तेवढा वेळ मांडीवर ठेका धरून बसतो. न थांबणं त्याला मिरजेने शिकवलं, सूर इथे मिळाले. त्याचं घर कुठलं, हे मी त्याला विचारत नाही. आठवा रॅग सुरू आहे.