रिकाम्या ताटाचे आवतण

खोटे आवतण देणे ज्याला मुळीच जमत नाही, असा माणूस अख्ख्या नंदुरबार जिल्ह्यात एकच आहे, आणि ते म्हणजे माझ्या पत्नीचे धानोऱ्याचे मामा. पातेल्याचे झाकण उचलून आत डोकावल्याशिवाय ते कोणालाही ‘जेवायला या’ म्हणत नाहीत. आणि एकदा म्हटले, की जेवल्यावाचून सुटका नाही. पलीकडच्या गल्लीतल्या लग्नाचा पत्ता विचारायला थांबलेले टेंपोभर वऱ्हाड त्यांनी वरण-बट्टीवर असे बसवले, की मंडळी मांडवात पोचली तेव्हा नवरा-नवरी पाया पडून दमली होती. ‘या कधीतरी जेवायला’ हे आम्हा नोकरदारांचे वाक्य त्यांना शिवीसारखे लागते. मी ते किती जणांना ऐकवले, हे आठवू नये असे वाटते, आणि मामांसमोर बसले की नेमके तेच आठवते.

अशा माणसाला जेवणानंतर बरगडीखाली कळ येऊ लागली. सुरतेच्या डॉक्टरांनी पित्ताच्या पिशवीची तपासणी सांगितली. तूप पोटात गेले, की शरीर एका हार्मोनकरवी पिशवीला पित्त सोडण्याचा निरोप धाडते. तोच निरोप उपाशीपोटी सुईने द्यायचा आणि पिशवी किती आकसते ते यंत्रावर पाहायचे. नाहीच आकसली, तर पिशवी काढावी लागणार आणि तूप सुटणार. मामा ताडकन उठले.

“डॉक्टर सायेब, ताटमा काहीच नई, अन् पिशवीले जेवाले बलावनं? हाई पाप शे!”

“काका, ही सुई आहे, लग्नपत्रिका नाही,” डॉक्टर म्हणाले.

तोडगा मामांनीच काढला. “जावाईबापू, तुम्ही बट्टीना डबा लिसन दारशी उभा ऱ्हा. मंग आवतन खोटं नई.”

तेव्हा तुपाने थबथबलेल्या बट्टीचा उघडा डबा घेऊन मी दाराशी उभा राहिलो. समोरच्या बाकावर आपापल्या तपासण्यांसाठी सकाळपासून उपाशी बसलेली माणसे होती. “भाई, ढांकणुं बंध करो ने!” एक आजी कळवळून म्हणाल्या. मी बाकावरच्या प्रत्येकाची वेगवेगळी क्षमा मागितली.

पिशवी जागची हललीसुद्धा नाही.

“इतलं बलावं, तरी उठनी नई,” बाहेर आल्यावर मामा हळूच म्हणाले. “रुसनी व्हई.”

पिशवी काढली. यंदाच्या थंडीत पुन्हा आवतण आले. मामा स्वतः कोरडी बट्टी मोडत होते आणि आमच्या ताटांत तुपाची धार धरत होते. धार पडताना त्यांचे ओठ किंचित हलत.

“आखो ल्या, जावाईबापू,” आणखी तूप वाढत ते म्हणाले. “तुम्ही खातस, तठेच मन्हं पोट भरस.”

माझे पोट केव्हाच भरले होते. भूक आहे असे त्याला खोटेच सांगून मी ताट पुढे केले.