अक्काच्या पानावरची बालुशाही

ही गोष्ट सांगायची मी सहा वर्षं टाळली. कधी तब्येतीचं निमित्त काढलं, कधी म्हटलं, आता बोलून काय उपयोग. पण गेल्या महिन्यात पालमला माझ्या थोरल्या बहिणीचं वर्षश्राद्ध झालं. तिच्या नावानं वाढलेल्या पानावर एका पाहुण्यांनी दोन बालुशाह्या ठेवल्या आणि तेव्हापासून माझं डोकं तापलेलं आहे.

"अक्काला लय आवडायची," पाहुणे म्हणाले. "कोठीत डबा लपवून खायच्या. आन् अंगात शुगर!"

"त्यानंच तर गेल्या," दुसरे कुणी बोलले आणि मंडळी हसली. श्राद्धाच्या पानापुढे बसून हसली. गेलेल्या माणसाला जे आवडायचं ते त्याच्या पानावर वाढायची आपली रीत आहे. म्हणजे आता दरवर्षी माझ्या बहिणीच्या पानावर तिच्या बदनामीचा घास पडणार!

अक्कानं चोरून बालुशाही कधी खाल्ली नाही. एकदाही नाही. ही गोष्ट माझ्या तोंडून निघाली होती. मी जिंतूरला तीस वर्षं मुलांना विज्ञान शिकवलं. पचनसंस्थेचा तक्ता भिंतीला टांगून, छडी जठरावर टेकवून, आम्ल म्हणजे काय ते समजावून सांगितलं. त्या सगळ्या शिकवण्याला आग लागो.

मेहुणे गेल्यावर अक्का माझ्याकडे राहायला आली. मधुमेह तिला तेव्हाच बारा-तेरा वर्षांचा होता. मग छातीत जळजळ सुरू झाली. खाली वाकून झाडू मारला की आंबट पाणी घशाशी यायचं. आवाज बसायचा, खोकला थांबायचा नाही. दोन घास खाल्ले तरी पोट भरल्यासारखं व्हायचं. आम्ही घरातले सगळे एका सुरात म्हणायचो, पित्त आहे. कोकमाचं पाणी घे, चहा कमी कर.

शेवटी मीच तिला परभणीला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नीट समजावलं होतं. बरीच वर्षं साखर वाढलेली राहिली की पोटाच्या नसा ढिल्या पडतात, अन्न पोटात तुंबून राहतं, आम्ल वर चढतं. एकदम पोटभर जेवायचं नाही. दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं खायचं, जेवल्याबरोबर आडवं व्हायचं नाही, खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा लावायच्या. त्यांनी हे कागदावर लिहूनही दिलं. मी मात्र एवढंच विचारलं, "साखरेची गोळी वाढवायची का?"

परतीच्या एसटीत अक्का म्हणाली, "भाऊ, थोडं थोडं खा म्हनले की रे."

"ते समद्यांनाच तसं सांगतात," मी म्हणालो.

तिनं पुन्हा विषय काढला नाही. आमच्या घरात दोनच वेळा पान मांडलं जायचं. आधी पुरुष, मग सुना-लेकरं, शेवटी अक्का. भावाच्या घरी राहणारी विधवा बहीण दुपारी अकरा वाजता ताटली घेऊन बसली तर कसं दिसेल, हा हिशोब तिनं मनातच केला असणार. तो तिला करावा लागला याची लाज मला वाटायला हवी होती. मी खुशाल ओसरीवर पेपर वाचत होतो.

मी घरच्या यंत्रावर तिची साखर बघायचो. आकडा कधी एकदम खाली, कधी अचानक तीनशेच्या वर. पोटात अडकलेलं अन्न उशिरा पुढे सरकलं की असं होतं, हे मला फार पुढे कळलं. तेव्हा मला एकच कळलं, की ही लपून काहीतरी खाते. कोठीत ज्वारीच्या कणगीमागे मला एक पत्र्याचा डबा दिसला होता. मी तो उघडला नाही. उघडायची गरजच वाटली नाही.

त्याच आठवड्यात माझ्या मुलीची सोयरीक जमवायला पाहुणे आले. अक्का चहा घेऊन आली आणि दारातच खोकल्याची उबळ आली. पाहुण्यांपैकी एकानं विचारलं, "अक्काची तब्येत बरी न्हाई का?"

"गोडाचा नाद," मी मोठ्यानं म्हणालो. "शुगर तीनशे, आन् कोठीत बालुशाहीचा डबा!"

सगळे खो खो हसले. "मास्तर, तुमच्या घरात कॉपी चालायली की!" एकानं टोला मारला. मीही हसलो. अक्कानं कपबश्या खाली ठेवल्या. पदर सारखा केला. "भाऊ म्हनतो तर आसंल," एवढंच बोलून आत गेली.

पाहुणे गेल्यावर पुरावा हातात घेऊन तिला झापायला मी कोठीत गेलो. डबा उघडला. आत ज्वारीच्या लाह्या होत्या. खाली परभणीच्या डॉक्टरांचा तो कागद, चार घड्या घातलेला. मी झाकण लावलं आणि डबा होता तिथे ठेवून दिला.

बायको दारात उभी होती. "मीच फोडून दिल्या होत्या," ती म्हणाली. "छातीत आग पडली की दोन दाणे तोंडात टाकायच्या त्या."

"मग मला सांगायचं ना!"

"तुमाला सांगायची सोय हाय का या घरात?"

दुसऱ्या दिवशी अक्कानं पिशवी भरली. पालमला लेकाकडे जाते म्हणाली. स्टँडवर मी विचारलं, "राग आला का?"

"न्हाई रे. नातवाची आठवण यायली."

तिचं ते उत्तर मला सोयीचं होतं, म्हणून मी खरं मानलं. सोयरीक जमली, लग्न झालं, आणि बालुशाहीची गोष्ट वऱ्हाडाबरोबर गावोगाव गेली. मी ती एकाही ठिकाणी अडवली नाही. कुणी थट्टेनं विचारलं तर मान हलवायचो. अक्का गेली ती किडन्या निकामी होऊन. गोड खाऊन नाही. मंडळींनी हे वाचावं, आणि पुढच्या वर्षी पानावर काही वाढायचंच असेल तर मूठभर लाह्या वाढाव्यात.

ती जायच्या दोन महिने आधी मी पालमला गेलो होतो. परभणीला गाडी बदलली, वाटेत एकच वाक्य मनाशी घोकत राहिलो. अक्का उशाला दोन उशा लावून बसली होती. खाटेखाली विटा होत्या. शेजारी वाटीत लाह्या, उघड्यावर. सून येता-जाता सासूला म्हणत होती, "आत्या, दोन दाणे खाऊन घ्या."

अक्कानं वाटी माझ्यापुढे केली. "खा की भाऊ."

मी चार लाह्या तोंडात टाकल्या. आणि मी विचारलं, "शुगर किती हाय आता?"

"मास्तर," ती हसली, "आजून परीक्षाच घ्यायलास व्हय?"

मीही हसलो. पाचच्या गाडीनं परत निघालो. घोकलेलं वाक्य तसंच राहिलं: अक्का, त्याच दिवशी मी डबा उघडून बघितला होता, मला माहीत होतं, मला माफ कर.